आंतरजालावर सगळे आहे, मग अडते कुठे?

पंचवीसएक वर्षांपूर्वी एखादा मुलगा दहावी-बारावी झाला की शेजारीपाजारी हमखास विचारत, ''काय, एमएससीआयटी केलं का?'' महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झाले आणि बघता बघता तालुक्याच्या बाजारपेठांत, किराणा दुकानांच्या वरच्या मजल्यांवर संगणक वर्गांच्या पाट्या झळकू लागल्या. आता त्याच जिन्यांवर नव्या पाट्या आल्या आहेत. पेणपासून रोह्यापर्यंत, मधल्या कासू-नागोठण्यासकट, मुले ''ॲप शिकायचंय'' म्हणतात आणि आईबाप ''आमचा ॲप बनवायला शिकतोय'' असे कौतुकाने सांगतात. म्हणजे नक्की काय शिकतोय, हे मात्र घरात कोणालाच धड ठाऊक नसते.

मी पेणला राहतो आणि पदविकेच्या मुलांना गणित शिकवतो. आठवड्यातून दोन दिवस त्यासाठी रोह्याला जाणे होते. गणित बाजूला ठेवून मुले हल्ली एकच प्रश्न विचारतात, ''सर, ॲप शिकायला कुठून सुरुवात करू?'' हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवलेले निदान पन्नास व्हिडिओ असतात. कोणीतरी पाठवलेल्या 'मोफत कोर्स'च्या याद्या असतात. त्यातले त्याने काहीच पुरे केलेले नसते. भरल्या ताटासमोर उपाशी बसलेला माणूस पाहावा तसे वाटते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आई भेटायला आल्या. पोह्याच्या गिरणीत काम करणाऱ्या बाई. मुंबईकडच्या एका खाजगी क्लासने मुलाला सहा महिन्यांत 'हमखास नोकरी'चे आश्वासन दिले होते आणि फी एकरकमी मागितली होती. बाईंनी सरळ विचारले, ''सर, एफडी मोडू का?'' ती एफडी मुलीच्या लग्नासाठी होती. मी क्लासचे माहितीपत्रक वाचले. त्यात जे जे शिकवणार म्हणून छापले होते, ते जवळजवळ सगळे, मूळ बनवणाऱ्यांनीच लिहिलेले, फुकट उपलब्ध होते. मी ''मोडू नका'' म्हणालो. पण तेवढे सांगून भागत नाही. मग मुलाने करायचे काय, हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आजचा लेख त्या जबाबदारीतून लिहितो आहे.

आधी घरातल्या मोठ्यांसाठी थोडे सोपे करून सांगतो. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात नवीन आलेल्या पोराला कोणी पहिल्या दिवशी डोळ्यांची आखणी करायला देत नाही. तो माती मळतो, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासतो आणि मग कधीतरी रंगाचा ब्रश त्याच्या हाती येतो. ॲपचेही असेच आहे. यंत्राला सूचना देण्याची भाषा म्हणजे माती. अँड्रॉइड फोनसाठी ही भाषा आज कॉटलिन आहे. जेटब्रेन्स या कंपनीने ती २०११ मध्ये जाहीर केली, गूगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिला मान दिला. अँड्रॉइड स्टुडिओ हा कारखाना, २०१४ च्या अखेरीस त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. आणि पडद्यावर बटणे, चित्रे, अक्षरे कशी मांडायची याची आजची रीत म्हणजे कंपोज. आपली बहुतेक मुले थेट आखणीला बसतात. व्हिडिओत बघून सुंदर पडदा रंगवतात आणि बटण दाबल्यावर पुढे काय व्हायचे तिथे अडकतात.

तेव्हा पहिला सल्ला असा की वाट एकच धरावी. मला विचाराल तर गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा अभ्यासक्रम धरावा. तो फुकट आहे आणि ज्याने आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही त्याच्यासाठी लिहिलेला आहे. पायरीपायरीने जातो, प्रत्येक पायरीवर हाताने करायचे काम देतो. माहिती फोनमध्ये कशी साठवायची, इंटरनेटवरून कशी आणायची, इथपर्यंत नेऊन सोडतो. रोज एक तास दिला तर पुरा व्हायला काही महिने लागतात. ''सहा दिवसांत ॲप'' म्हणणाऱ्या व्हिडिओंच्या जमान्यात हे कंटाळवाणे वाटेल. वाटू द्यावे.

शाळेतल्या, सातवी-आठवीतल्या मुलांसाठी मात्र एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे साधन उत्तम. २०१० मध्ये गूगलने ते सुरू केले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने ते सांभाळायला घेतले. त्यात टंकलेखन जवळजवळ नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर लगेच परिणाम पाहायचा. अवघड काही स्थापित करावे लागत नाही, ब्राउझरमध्ये चालते. मी हे साधन सहावीतल्या एका मुलीला दाखवले, तर तिने तासाभरात आजीच्या गोळ्यांची आठवण करून देणारे ॲप बनवले. त्याला दिसायला काही रूप नव्हते, पण ते चालत होते.

आता यंत्राचा प्रश्न, कारण खरी गोम इथे आहे. अँड्रॉइड स्टुडिओला संगणकात किमान ८ जीबी मेमरी लागते आणि संगणकाच्या पडद्यावरच खोटा फोन, म्हणजे इम्युलेटर, चालवायचा तर १६. आपल्याकडे मुलांच्या घरी जो सेकंडहँड लॅपटॉप असतो त्यात बहुधा ४ असते. मुलगा स्टुडिओ उघडतो, पंखा गरगरू लागतो, पडदा गोठतो आणि ''आपल्याला जमत नाही'' असा निष्कर्ष तो काढतो. त्याच्या बुद्धीचा इथे काही संबंध नसतो.

८ जीबीचे यंत्र मिळत असेल तर इम्युलेटरचा नाद सोडावा. खरा फोन खिशात आहेच. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'च्या आत 'बिल्ड नंबर' अशी ओळ असते. तिच्यावर सात वेळा टिचकी मारली की फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात! (पदवी इतक्या सहज दुसरीकडे कुठेच मिळत नाही.) मग उघडणाऱ्या नव्या यादीत 'यूएसबी डिबगिंग' सुरू करायचे, केबल जोडायची, की आपले ॲप थेट आपल्या फोनवर चालते. ज्याच्याकडे संगणकच नाही त्याने भाषा तरी शिकायला सुरुवात करावी. 'कॉटलिन प्लेग्राउंड' हे पान फोनच्या ब्राउझरमध्येही उघडते, तिथे चार ओळी लिहून लगेच चालवून पाहता येतात. एकाच लेखनातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप करून देणाऱ्या फ्लटरकडे ज्याचा ओढा आहे, त्याला असेच 'डार्टपॅड' आहे. आयफोनच्या वाटेला मात्र आरंभी जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ॲपलचाच संगणक लागतो आणि ॲप दुकानात ठेवायचे तर वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. गूगलच्या दुकानात एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन-सव्वादोन हजार रुपये, भरले की झाले.

यंत्राहून मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याविषयी आपण मोकळेपणी बोलत नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी वाचू शकतो. पण वाचलेले समजले की नाही हे त्याचे त्यालाच कळत नाही. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्यात दहाएक मिनिटांचे छोटे पाठ आहेत आणि जावासारख्या विषयांचे पाठ मराठी निवेदनातही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करायचे, अशी त्याची पद्धत. दिसायला साधे, झगमगाट नाही, म्हणूनच कदाचित आपल्या मुलांना त्याचा पत्ता नाही. ज्यांना इंग्रजी व्याख्याने झेपतात त्यांच्यासाठी आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेला एनपीटेल हा खजिना आहे. त्यात खरगपूरच्या प्राध्यापक देबाशीष सामंतांचा जावावरचा अभ्यासक्रम आहे. ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क असते. रोहा-दिवा गाडीने रोज जाणाऱ्या मुलांनी असे पाठ आदल्या रात्री उतरवून घ्यावेत. वाटेत रेंज जाते, पाठ जात नाही.

कॉलेजचे काय, असे कोणी विचारील. पदविकेच्या संगणक शाखेला सहाव्या सत्रात मोबाईल ॲपचा विषय आहे आणि तो असणे ही चांगलीच गोष्ट. पण तंत्रशिक्षण मंडळाच्या 'आय' योजनेत तो आला तेव्हा त्याची मांडणी जावा आणि एक्सएमएल यांवर होती. कंपोजची पहिली पक्की आवृत्ती २०२१ ची. म्हणजे मुलगा वर्गात एक रीत शिकत होता आणि घरी आंतरजालावर दुसरीच पाहत होता. दोन्हींत बटण तेच, पण बटण मांडण्याचे व्याकरण वेगळे. हे वेगळे का आहे, एवढे पाच मिनिटांत कोणी समजावून सांगितले असते तर कितीतरी मुलांचा गोंधळ वाचला असता. जुनी रीत वाया गेलेली नाही. आज चालू असलेल्या असंख्य ॲप्सच्या पोटात तीच आहे आणि नोकरीत तीच दुरुस्त करावी लागते. शिक्षकांना मी दोष देत नाही. अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो, हे क्षेत्र दर सहा महिन्यांनी कूस बदलते.

आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या आतच गूगलचा जेमिनी बसलेला आहे. मराठीत विचारा, मराठीत सांगतो. याचा मला आनंद आहे आणि धास्तीही. ज्या मुलाला वर्गात हात वर करायला लाज वाटते तो या यंत्राला दहादा तेच विचारू शकतो, ही मोठीच सोय झाली. पण त्याच यंत्राकडून आख्खे ॲप लिहून घेऊन 'माझे प्रोजेक्ट' म्हणून बांधणी करून देणारेही आहेत. माझ्याकडे अशी मुले येतात तेव्हा मी एकच गोष्ट करायला सांगतो: इंटरनेट बंद कर आणि या पडद्यावर फोन नंबरचा एक रकाना वाढवून दाखव. ज्याने समजून केले आहे तो दहा मिनिटांत करतो. दुसरा खिडकीबाहेर बघू लागतो.

इतकी साधने सांगितली, तरी माझ्या मते शिकण्याचे सर्वांत मोठे साधन यांपैकी एकही नाही. ते म्हणजे ज्याला त्या ॲपची खरोखर गरज आहे असा माणूस. व्हिडिओ पाहून केलेले कॅल्क्युलेटर आणि हवामानाचे ॲप जगात लाखांनी पडली आहेत, ती कोणालाही नको आहेत. चांगली ॲप्स अडचणीतून जन्माला आली. सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर पाहा. लोकलचे वेळापत्रक खिशात हवे, ही मुंबईकराची रोजची निकड. ते आले तेव्हा साध्या बटणांच्या फोनवरही चालत असे. 'व्हेअर इज माय ट्रेन' या ॲपचे मर्म तर आपल्या मुलांनी अभ्यासावे असे आहे. गाडीत इंटरनेट नसते हे गृहीत धरून त्याच्या कर्त्यांनी मोबाईलच्या मनोऱ्यांवरून गाडी कुठे आहे ते ओळखण्याची युक्ती काढली. २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. उलट बाजूने ई-पीक पाहणीचा विचार करावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या या ॲपमध्ये शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची. कल्पना उत्तमच. पण बांधावर रेंज नसते, उन्हात पडदा दिसत नाही, वडिलांना चाळीशी लागते. आपल्यापैकी किती घरांत ही नोंद मुलाने किंवा नातवाने करून दिली? ज्या मुलाने करून दिली त्याला ॲप कसे असावे आणि कसे नसावे याचा एक धडा तिथेच मिळाला.

आपल्या भागात अशा अडचणींना तोटा नाही. पेणच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीला खारबंदिस्तीला खांडी जातात; भरतीची वेळ आणि कोणत्या गावचा बांध कच्चा आहे याची नोंद एका जागी ठेवता येईल. कोलाडला कुंडलिकेतले राफ्टिंग भिऱ्याकडून वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालते, त्याच्या वेळा आणि नावेतल्या जागा. धाटावच्या कारखान्यांतल्या पाळ्या आणि त्यांच्या रिक्षा. पापड लाटणाऱ्या बायकांचा रोजचा हिशेब. यांतले एकही काम मोठी कंपनी करायला येणार नाही, कारण त्यात तिला पैसा दिसत नाही.

त्या एफडीवाल्या बाईंच्या मुलाने यातलेच एक काम घेतले. हमरापूर-जोहे पट्ट्यात त्याच्या मामांचा मूर्तींचा कारखाना आहे. ऑर्डरी वहीत लिहिलेल्या. मूर्ती किती इंची, रंग कोणता, बयाणा किती, न्यायचा दिवस कोणता. गावातली मंडळी जुन्या रीतीने घरचा पाट आणून देतात, त्याला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. पावसाळी हवेत चिठ्ठी सुटते आणि एकाच आडनावाचे तीन पाट शेजारी आले की चतुर्थीच्या आदल्या दिवशी रणकंदन. मुलाने ठरवले की पाटाचाच फोटो काढायचा आणि ऑर्डरला जोडायचा. त्यासाठी त्याला कॅमेरा वापरायला शिकावे लागले, फोनमध्येच माहिती साठवणारा रूम नावाचा कप्पा शिकावा लागला, कारण कारखान्याच्या शेडमध्ये नेट पोचत नाही. यादीत नाव शोधताना पाटील आणि पाटिल हे एकच धरायला हवेत हे त्याला मामांनी सांगितले, कोणत्याही अभ्यासक्रमाने नव्हे. मराठी अक्षरे पडद्यावर आणल्यावर 'र्चा' मधला रफार आणि 'कि'ची वेलांटी वरून कापली जात होती. ओळींतले अंतर वाढवून आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' हा मोफत टंक घेऊन ते सुधारले. मराठी शब्दांसाठी अँड्रॉइडमध्ये 'व्हॅल्यूज-एमआर' नावाची वेगळी पेटी ठेवता येते, हे कळल्यावर तो माझ्याकडे धावत आला होता. आपल्या भाषेसाठी तिथे आधीपासून जागा राखलेली आहे याचेच त्याला अप्रूप.

हे सारे त्याने केले कुठे? घरी ४ जीबीचा लॅपटॉप. शेवटी ओळखीच्या एका दुकानदाराने रात्री आठनंतर आपला संगणक वापरू दिला म्हणून जमले. प्रत्येकाला असा दुकानदार भेटत नाही, म्हणून माझे गाऱ्हाणे आपल्या वाचनालयांकडे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली, अनुदान घेणारी वाचनालये पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणे आपण आता वाचनालयाचे काम मानतो, तसेच १६ जीबीचे दोन संगणक आणि बरे नेट ठेवणे हेही मानावे. रविवारी सकाळी दोन तास, नोकरीनिमित्त ठाण्या-पुण्याला असलेला आणि शनिवारी घरी आलेला गावचाच एखादा इंजिनियर तिथे येऊन बसला तर उत्तम. त्याने शिकवायची गरज नाही. मुलांनी केलेले पाहावे आणि अडले तिथे बोट ठेवावे. दोन संगणकांचा खर्च एखाद्या मंडळाच्या एका वर्षाच्या डीजेच्या बिलात भागण्यासारखा आहे. मी हे दोन समित्यांपुढे मांडले आहे. एकीने ''संगणकाची चोरी झाली तर?'' असे विचारले. दुसरीने विषय पुढच्या सभेत घेतला आहे.

मुलाचे ॲप अजून गूगलच्या दुकानात गेलेले नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलने एक अट घातली आहे: काही माणसांनी सलग १४ दिवस ॲप वापरून पाहिले पाहिजे. आधी ती २० माणसे होती, डिसेंबर २०२४ मध्ये १२ झाली. शहरातली मुले यासाठी अनोळखी लोकांशी अदलाबदल करतात. तू माझे वापर, मी तुझे वापरतो. याला कारखान्यातच बारा माणसे मिळाली. मामा, मामी, रंगकामाचे कारागीर, शेजारचे दोन कारखानदार आणि त्याची आई. चौथ्या दिवशी पहिली तक्रार आली ती आखणी करणाऱ्या वयस्क कारागिरांची. म्हणाले, ''बाळा, तुझं बटण फार बारीक आहे. माझ्या बोटाला रंग असतो, दोन बटणं एकदम दाबली जातात.'' सध्या तो बटणे मोठी करतो आहे.